बारा मुलं, एक टी : सराव-नोंदवही

१५ फेब्रुवारी, रविवार

हो म्हणून बसले. बेसबॉलच्या सर्वांत धाकट्या गटाचं, म्हणजे टी-बॉलचं काम यंदा माझ्या गळ्यात. चार ते सहा वर्षांची बारा मुलं, त्यांत पाच मुली. बुधवारी आणि शनिवारी तासभर सराव, एप्रिलपासून शनिवारी सामने. माझी पात्रता एवढीच की मुलगी याच गटात आहे आणि बैठकीत नजर चुकवायला मला उशीर झाला.

घरी समजावलं ते असं: यात चेंडू टाकणारा कुणी नसतो. होम प्लेटवर, म्हणजे फटका मारायच्या जागी, मुलाच्या कमरेएवढा रबरी दांडा उभा असतो, ती टी. तिच्यावर चेंडू ठेवलेला. तो मारायचा आणि पहिल्या बेसकडे पळायचं. बेस म्हणजे वाटेतले तीन थांबे, ते करून पुन्हा होम प्लेटवर आलं की एक धाव. सासरे म्हणाले, "जागच्या जागी ठेवलेला चेंडू चुकेल कसा?" त्यांना पहिल्या सरावाला बोलावलंय.

नियमावली तासाभरात वाचून झाली. व्यावसायिक बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट, लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत ६०, आमच्याकडे ५०. राखीव खेळाडू नाही, सगळे बॅटिंग करणार. सगळ्यांची एकेक पाळी झाली की डाव पलटणार. बेस चोरायचा नाही, म्हणजे फटका नसताना पुढच्या बेसकडे पळायचं नाही. स्कोअर लिहायचा नाही. शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. एक काम कमी, असं तेव्हा वाटलं होतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सामानाची पेटी उघडली. टी एक. हेल्मेट सहा. बॅटी पाच, त्यातल्या दोन मोठ्या मुलांच्या. चेंडू चोवीस.

चेंडूंचं बरं आहे, सगळे मऊ आहेत. खऱ्या बेसबॉलचा घेर ९ ते सव्वानऊ इंच आणि वजन ५ ते सव्वापाच औंस, आत घट्ट गुंडाळलेला दोरा. डोक्यावर बसला तर दगडच. टी-बॉलचा चेंडू दिसायला तसाच, पण अंगठ्यानं दाबला की थोडा दबतो.

बॅट २४ ते २६ इंचांची पुरते. २०१८ पासून अमेरिकेत मुलांच्या बॅटींसाठी नवं मानक लागू झालं, तेव्हापासून टी-बॉलच्या बॅटीवर ती फक्त मऊ चेंडूंसाठी असल्याचं छापलेलं असतं. पेटीतल्या मोठ्या बॅटी बाजूला काढल्या. त्या दिसल्या की मुलं त्याच उचलणार आणि बॅट मुलाला फिरवणार.

पालकांना निरोप पाठवला: ग्लोव्ह नऊ-दहा इंचांचा घ्या, "पुढे वाढेल" म्हणून मोठा नको. आणि ज्या हातानं मूल फेकतं, त्याच्या उलट हातात तो बसला पाहिजे. दोघांनी उजव्या हाताच्या मुलाला उजव्या हाताचा ग्लोव्ह आणून ठेवला होता. त्यांचं तर्कशास्त्र चुकीचं नाही, बेसबॉलचंच तसं आहे.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पालकसभा. वीस मिनिटांत आटपायची होती, तास लागला. निम्मा वेळ स्कोअर नाही म्हणजे काय, यावरच गेला. एक वडील म्हणाले, "मग मुलांना कळणार कसं?" मी म्हणाले, "काय कळायचंय?" त्यावर ते गप्प बसले, पण पटलं म्हणून नव्हे.

मदतनीस तीन मिळाले. दोघी ताई, म्हणजे मुलांच्याच आया, आणि ११ नंबरचे आजोबा. आजोबांनी आयुष्यात बेसबॉल पाहिलेला नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. एक नियम सगळ्यांना ठणकावला: कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर एकटा राहणार नाही. शू करायला न्यायचं तरी दोघांनी.

(या वहीत मुलांची नावं लिहायची नाहीत, जर्सीचे नंबर लिहायचे, असं ठरवलंय.)

७ मार्च, शनिवार

पहिला सराव. फसला.

माझा बेत कागदावर देखणा होता. दहा मिनिटं पळणं, पंधरा फेकणं, मग प्रत्येकाला टीवर तीन फटके. पहिली दोन कामं कशीबशी झाली. तिसऱ्याला सगळे ओळीत उभे केले आणि तिथे बोंबललं. एका मुलाला हेल्मेट घालायचं, जागेवर उभं करायचं, तीन फटके मारू द्यायचे, हेल्मेट काढून पुढच्याला घालायचं. एकाला दीड मिनिट धरा. ओळीत शेवटी असलेल्या १२ नंबरला सोळा-सतरा मिनिटं थांबावं लागलं. पाच वर्षांच्या मुलाला सतरा मिनिटं म्हणजे अर्धा दिवस.

२ आणि ८ यांची मारामारी झाली. ४ नंबर आडवा झाला आणि आडवाच राहिला. ६ नंबरनं रांगेत उभ्याउभ्या बॅट फिरवली, ती मागच्या मुलाच्या कानाजवळून गेली. माझ्या पोटात गोळा आला.

सासरे कडेला बसून पाहत होते. बारांपैकी सात जणांनी पहिल्या फटक्यात चेंडूऐवजी दांडाच तोडायचा प्रयत्न केला. घरी येताना ते एक शब्द बोलले नाहीत.

८ मार्च, रविवार

रात्री हिशेब मांडला. काल साठ मिनिटांत एकेका मुलाचा चेंडूला हात किती वेळा लागला? आठवून, ढोबळ: फेकण्यात पाच-सहा वेळा, टीवर तीन. म्हणजे साताठ मिनिटांतून एकदा. बाकीचा वेळ ती उभी होती आणि मी "उभे राहा रे नीट" असं ओरडत होते.

चूक मुलांची नव्हे, मांडणीची आहे. मी बेसबॉल शिकवायला गेले आणि रांगेत उभं राहायला शिकवून आले.

नवी मांडणी: चार ठाणी, प्रत्येक ठाण्यावर तीन मुलं आणि एक मोठं माणूस. आठ मिनिटांनी शिट्टी, ठाणं बदल. टीवर फटके, भिंतीवर फेक, सरपटत्या चेंडूला अडवणं, बेसवर पळणं. टी एकच असली तरी आता रांग दोघांची. ताईंना आणि आजोबांना निरोप गेला.

११ मार्च, बुधवार

चाललं. शिट्टीनंतर कुठल्या दिशेनं जायचं यावर गोंधळ होतो. आजोबा म्हणाले, घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगा. मी म्हटलं, त्यांना घड्याळ कुठे कळतं? मग त्यांनी जमिनीवर बाण काढले.

१४ मार्च, शनिवार

आजचा सगळा वेळ फेकण्याच्या ठाण्यावर उभी राहिले आणि नुसती पाहत होते. फार शिकायला मिळालं.

फेकणं मुलांत पायरीपायरीनं येतं. पहिल्या पायरीवरचं मूल लक्ष्याकडे तोंड करून उभं राहतं, पाय जमिनीला खिळलेले, कोपरातून हात झटकतं. चेंडू दोन हातांच्या अंतरावर पडतो. दुसऱ्या पायरीवर पाऊल पुढे येतं, पण ज्या हातानं फेक त्याच बाजूचं. उजवा हात, उजवं पाऊल. अंग वळतच नाही, त्यामुळे जोर येत नाही. तिसऱ्या पायरीवर उलटं पाऊल पडतं: उजवा हात, डावं पाऊल. मग कंबर वळते, तिच्यामागून खांदा आणि सर्वांत शेवटी हात. बारांपैकी तिसऱ्या पायरीवर फक्त तीन आहेत. पाच पहिल्या, चार दुसऱ्या.

"उलटं पाऊल टाक" असं सांगून काही होत नाही, ती दोन्ही पावलं टाकून उडी मारतात. मग चुन्यानं दोन आडवी पावलं आखली. त्यावर उभं राहिलं की अंग आपोआप आडवं होतं, ग्लोव्हचा खांदा भिंतीकडे येतो. पुढे तिसरं पाऊल आखलं आणि त्यात एक बेडूक काढला. "बेडकावर पाय ठेव आणि फेक." ३ आणि १० या दोघांना दहा मिनिटांत जमलं. ४ नंबरनं बेडकाशेजारी दुसरा बेडूक काढला आणि तिथेच बसला.

१८ मार्च, बुधवार

टीचं प्रकरण. दांडाच का मारतात, याचा आज छडा लागला, आणि त्यात माझाच हात निघाला.

मी टी मुलाच्या पोटासमोर ठेवत होते. तिथल्या चेंडूवर बॅट पोहोचते तेव्हा ती अजून खालीच येत असते, म्हणून आधी रबराला लागते. टी पुढच्या पावलाच्या रेषेत सरकवली. उंचीही प्रत्येकासाठी बदलावी लागते. बेंबीच्या रेषेत चेंडू, हे माप मुलांनाही कळतं. ती स्वतःच शर्ट वर करून दाखवतात.

पकडीसाठी एक युक्ती: दार ठोठावताना बोटांची जी मधली पेरं टेकतात, ती दोन्ही हातांची एका ओळीत आली पाहिजेत. "आधी दार ठोठाव, मग बॅट धर." पाच वर्षांच्या मुलाला मनगटाचा कोन सांगण्यापेक्षा हे बरं. ७ नंबर डावखुरी आहे हे आज समजलं. दोन आठवडे मी तिला उलट्या बाजूला उभी करत होते आणि ती बिचारी मुकाट मारत होती. तिला नीट उभं केल्यावर पहिलाच फटका दुसऱ्या बेसच्या पुढे गेला. ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती ती विसरण्यासारखी नाही.

२१ मार्च, शनिवार

बॅट फेकण्यावर आज उपाय सापडला. फटका मारला की मूल पळायच्या घाईत बॅट मागे भिरकावतं. मागे टी लावायला मोठं माणूस उभं असतं. मला एकदा नडगीवर बसली, ताईंना दोनदा. उलट क्रिकेट पाहणाऱ्या घरातली दोन मुलं बॅट घेऊनच पळतात आणि पहिल्या बेसवर ती टेकवतात, रनआऊट वाचवल्यासारखी. त्यांना रागवावंसंच वाटत नाही.

ओरडून, समजावून, बाहेर बसवून झालं. आजोबांनी प्लेटपासून चार पावलांवर, पहिल्या बेसच्या वाटेवर एक मोठी बादली ठेवली. बॅट बादलीत टाकून पळायचं. बस. बादलीत बॅट पडल्याचा धाडकन आवाज येतो आणि त्या आवाजासाठी मुलं काहीही करतील. पळायला दोन सेकंद उशीर होतो, होऊ दे.

दुसरं: पुढची पाळी ज्याची, त्यानं डगआउटमध्येच, म्हणजे कडेच्या खेळाडूंच्या बाकावर, बसायचं, बॅट हातात घ्यायची नाही. लिटल लीगमध्येही लहान गटांना मैदानात उभं राहून बॅट फिरवत वाट पाहायला मनाईच आहे. ६ नंबरच्या त्या दिवसानंतर मला कारण विचारावं लागलं नाही.

२८ मार्च, शनिवार

आपसात पहिला सामना, सहा विरुद्ध सहा.

मोहोळ. दुसरा शब्द नाही. चेंडू टीवरून सुटला की सहाही फिल्डर त्याच्यावर तुटून पडतात, आपल्याच गड्याच्या हातातून ओढून घेतात. चेंडू ढिगाच्या तळाशी, वर बारा पाय. तोवर बॅटिंगवालं मूल पहिल्या बेसवर पोहोचून दोन्ही पायांनी उभं, "आता काय करू?" पहिला बेस ओलांडून पुढे पळालं तरी चालतं, हे सांगितलं होतं. पण बेस ही गोष्ट मुलांना बेटासारखी वाटते, एकदा चढलं की उतरायचं नाही. १ नंबर थेट तिसऱ्या बेसकडे पळाला. डाव्या हाताला आई उभी होती, म्हणून.

मोहोळावर एक उपाय करून पाहिला. प्रत्येक फिल्डरभोवती चुन्याचं मोठं वर्तुळ. चेंडू ज्याच्या वर्तुळात शिरला, त्याचा. बाकीच्यांनी आपलं वर्तुळ सोडायचं नाही, फक्त त्याचं नाव घेऊन ओरडायचं. निम्मं जमलं. ओरडणं पूर्ण जमलं.

१ एप्रिल, बुधवार

पंधरा मिनिटांत गडगडाट. सगळ्यांना आत घेतलं. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं आणि मधे पुन्हा ऐकू आला तर मोजणी पहिल्यापासून. एक पालक म्हणाले, "वीज लांब आहे." असेल. सराव रद्द.

४ एप्रिल, शनिवार

झेल. ९ नंबरला चेंडू गालावर लागला. मऊ होता, लाल डागही पडला नाही, पण त्यानंतर चेंडू येताना दिसला की ती मान वळवून डोळे मिटते. मान वळवलेल्या मुलालाच चेंडू लागतो, हे तिला सांगून उपयोग नाही.

ग्लोव्ह काढून टाकला. मोजे गुंडाळून केलेला चेंडू, दोन हातांच्या अंतरावरून, खालून. मग अंतर वाढवलं. मग तोच मोज्याचा चेंडू ग्लोव्हमध्ये. कमरेच्या वर आला तर बोटं आकाशाकडे, खाली आला तर जमिनीकडे, एवढंच तंत्र. खऱ्या चेंडूपर्यंत आज गेले नाही. घाई करायला माझ्याकडे कारण नाही.

सरपटत्या चेंडूसाठी मगर: ग्लोव्ह खालचा जबडा, मोकळा हात वरचा. हे सगळ्यांना आवडलं. फार आवडलं, चेंडू नसतानाही एकमेकांना चावत सुटले.

११ एप्रिल, शनिवार

दुसऱ्या संघाशी पहिला सामना. तीन डाव, सव्वा तास. कुणी स्कोअर लिहिला नाही. संपल्यावर ५ नंबर म्हणाली, "काकू, आपण तेवीस आणि ते वीस." आपला कोच सोडून सगळ्यांना माहीत होतं म्हणायचं! पलीकडच्या मुलांचे आकडे वेगळे होते, तेही जिंकले होते.

डावातल्या शेवटच्या मुलाचा फटका झाला की बेसवरचे सगळे न थांबता घरापर्यंत, म्हणजे होम प्लेटपर्यंत, पळतात, अशी पद्धत आहे. प्रत्येक मुलाला त्या जागी यायचं असतं. आम्ही नंबराप्रमाणे बॅटिंग लावली होती, म्हणजे ही चैन तिन्ही वेळा १२ नंबरलाच. पुढच्या वेळेपासून प्रत्येक डावात क्रम सरकवायचा. हे आधी सुचायला हवं होतं.

१८ एप्रिल, शनिवार

सामन्यानंतर कोचांची बैठक. मुद्दा: आऊट झालेल्या मुलाला बेसवरून बाहेर काढायचं की राहू द्यायचं? एक गट म्हणतो, रडतील. माझं मत, निम्मा हंगाम झाला, आता काढावं. पहिल्या बेसवर धावणाऱ्याच्या आधी चेंडू पोहोचवणं हे या वयाला केवढं काम आहे! उचलायचा, अंग आडवं वळवायचं, उलटं पाऊल, फेक, पलीकडे झेल. एवढं करून समोरचा तिथेच उभा राहणार असेल तर फिल्डरनं करायचं कशाला? रडतील ते रडतील, पाणी पिऊन परत येतील. मत मांडलं, चार-तीननं मान्य झालं.

स्कोअरवरून पुन्हा गाडी घसरली. कुणी म्हणालं, लिटल लीगचा मूळ आत्माच स्पर्धा नाही. मला राहवलं नाही. कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला तीन संघ घेऊन ती सुरू केली, आणि ६ जूनला झालेल्या पहिल्या सामन्याचा निकाल आजही सांगतात: २३-८. आकडा पहिल्या दिवसापासून आहे. पण ती मुलं आमच्यापेक्षा बरीच मोठी होती. सहा वर्षांच्या आतल्यांचा स्कोअर लिहायचा नाही तो आत्म्यासाठी नव्हे. पळून आलेल्यांपैकी कोण खरंच नियमात आलं हे कुणालाच सांगता येत नाही म्हणून.

परतताना आजोबांनी विचारलं, मुली पहिल्यापासून खेळायच्या का? नाही. १९५० मध्ये कॅथ्रिन जॉन्स्टन नावाची मुलगी केस कापून, मुलगा म्हणून खेळली. त्यानंतर मुलींना मनाई करणारा नियम झाला आणि तो १९७४ मध्ये उठला. आजोबांनी मागच्या सीटवर झोपलेल्या ११ नंबरकडे, म्हणजे नातीकडे, वळून पाहिलं आणि विषय बदलला.

२२ एप्रिल, बुधवार

मोजदाद. ताईंनी ४ नंबरच्या मागे कागद घेऊन तासभर फिरून चेंडूचे स्पर्श मोजले. बावन्न. ४ नंबरचे, जो अर्धा वेळ गवत उपटतो! बाकीच्यांचे जास्तच असणार. पहिल्या दिवशी आठ-नऊ होते. माझ्या शिकवण्यात काडीचा फरक पडलेला नाही, ठाणी पडली एवढंच.

२ मे, शनिवार

३, ७ आणि १० या तिघांना आज टीशिवाय चेंडू टाकून पाहिला. पाच चेंडू, नाही लागला तर टी आहेच. मी दयेनं उंच, हळू, कमानीतून टाकत होते. एकही लागला नाही. कमानीचा चेंडू वरून खाली पडत येतो, त्याला मारायचं तर बॅटीचा आणि चेंडूचा रस्ता एका ठिपक्यावरच मिळतो. मग एका गुडघ्यावर बसले, दहा-बारा फुटांवरून, सरळ आणि थोडा वेगात टाकला. ७ नंबरनं पाचांतले तीन मारले, त्यांतला एक माझ्या हनुवटीखालून गेला. पुढच्या वेळी समोर जाळी.

बाकीच्या नऊ जणांनी "मला पण" म्हटलं. त्यांना टाकायला हवं होतं का? वेळ नव्हता. बुधवारी टाकायचं.

६ मे, बुधवार

टाकला. ९ नंबरनं डोळे उघडे ठेवले. चेंडू लागला नाही.

९ मे, शनिवार

शेवटचा सामना. क्रम सरकवल्यामुळे शेवटची पाळी ८ नंबरला. बॅट बादलीत, धाडकन, आणि सगळे घराकडे. वर्तुळं आज आखली नव्हती, मोहोळ तीनदाच झालं.

दुसऱ्या डावात एक सरपटता चेंडू आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या पलीकडे, ४ नंबरपर्यंत गेला. तो खालीच बसलेला होता, त्यामुळे अडवायला वाकावं लागलं नाही. उठला, अंग आडवं वळवलं, बेडूक नसलेल्या जागी उलटं पाऊल टाकलं आणि फेकला. चेंडू पहिल्या बेसपासून वीस फूट लांब, पालकांच्या खुर्च्यांत गेला. रनर सगळे घरी पोहोचले. त्याचे वडील "अरेरे" म्हणाले. मी आणि आजोबांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मी वहीत तिसऱ्या पायरीवरच्या आकड्यात एक वाढवला. आठ.

१० मे, रविवार

सामान परत केलं. हेल्मेट सहा. बॅटी पाच. टी एक, रबराला वरून तीन इंच चीर. पुढच्या वर्षी निदान तीन टी घ्या असं लिहून दिलं. चेंडू चोवीसपैकी एकोणीस. बादली आजोबांची, ती ते घरी घेऊन गेले.